आरसा घासायचा संच: चार महिन्यांनंतर

दुर्बिणीचा आरसा स्वतः घासायचा संच घेतला, त्याला चार महिने झाले. 150 मिमी व्यासाच्या दोन जाड काचा, घासायला 80 ते 500 नंबरच्या कार्बोरंडमच्या पुड्या (नंबर मोठा तशी पूड बारीक), पॉलिशसाठी सिरियम ऑक्साइड आणि पिचची, म्हणजे डांबरासारख्या पदार्थाची, ढेप, एवढं सामान येतं. काच उत्तम, आत एकही बुडबुडा नाही.

एक काच पिंपावर पक्की बसवायची, वर ओली पूड टाकून दुसरी काच तिच्यावर पुढेमागे सरकवत पिंपाभोवती फिरायचं. वरची काच खोलगट होत जाते, खालची फुगीर. एफ/8 साठी, म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या आठपट हवं तर, मधली खोली लागते जेमतेम 1.2 मिमी. अॅरिझोना विद्यापीठाच्या मिरर लॅबमध्ये 8.4 मीटरच्या आरशासाठी भट्टीच गरगर फिरवतात. वितळलेली काच कडेला चढते आणि खोलगटपणा ओतकामातच येतो. मनगटं भरून आल्यावर त्या युक्तीची खरी किंमत कळली.

तक्रार आहेच. 320 च्या पुडीत जाड कण निघाला. खर्रकन आवाज झाला आणि काचेवर लांब ओरखडा. परत 220 वर जावं लागलं, तीन संध्याकाळी गेल्या. कळवल्यावर पुडी बदलून मिळाली, पण पुड्या भरतानाच काळजी घ्यायला हवी.

दुसरी उणीव मोठी: तपासणीचं साधन संचात नाही. ब्लेड आणि एलईडी वापरून फूको चाचणीची (आरशावरचे उंचसखल भाग सावलीसारखे दाखवणारी चाचणी) जुळणी मीच केली. एकदा आरशावर दहा सेकंद अंगठा टेकवला आणि ब्लेडच्या कडेवरून पाहिलं. अंगठ्याच्या जागी चक्क टेंगूळ! हाताच्या उबेनं काच फुगली होती. थोड्या वेळानं ते विरून गेलं. तेव्हापासून पॉलिशनंतर तासभर थांबल्याशिवाय मी माप घेत नाही. हबल अवकाश दुर्बिणीचा 2.4 मीटरचा आरसा अतिशय सफाईनं घासला होता, पण तपासणीच्या उपकरणातलं एक भिंग 1.3 मिमी सरकलेलं होतं, म्हणून आरशाची कड सुमारे 2 मायक्रॉन जास्त सपाट झाली. त्यामुळे तपासणीचं साधन न देणं मला फार खटकतं.

पाचपैकी चार तारे. पिच मात्र छान निघालं; गरम पाण्यात धरलं की आरशाच्या आकारावर नीट बसतं.

अॅल्युमिनियमचा थर अजून दिलेला नाही. कोरी काच जेमतेम चार टक्के उजेड परत फेकते. तेवढ्यावरही काल चंद्रावरचं कोपर्निकस विवर दिसलं, कडेच्या पायऱ्यांसकट.