विरंगुळा केंद्र, पुणे : वर्गणी भरण्याआधी सभासदांची वही बघा

महापालिकेची विरंगुळा केंद्रं आणि त्यांत किंवा एखाद्या सोसायटीच्या हॉलमध्ये भरणारे ज्येष्ठ नागरिक संघ कोथरूड, सहकारनगर, सिंहगड रस्ता अशा सगळ्या भागांत आहेत. वर्गणी किरकोळ, आणि इतक्या कमी पैशांत बोलायला इतकी माणसं दुसरीकडे मिळणार नाहीत. तरी तारे द्यायचेच तर पुरुषांना चार, जोडप्याला साडेतीन आणि एकट्या बाईला अडीच.

कॅरम आणि वर्तमानपत्रं नंतर बघा, आधी सभासदांची वही मागा. बऱ्याच संघांत जोडप्याची नोंद एकाच ओळीत असते: 'श्री. व सौ.', आणि पुढे एकच मोबाइल, अर्थात श्रींचा. सहलीचे, व्याख्यानाचे निरोप त्याच नंबरवर जातात. ते गेले की नंबर बंद होतो, वर्गणीची आठवण कोणी करत नाही, आणि राजीनामा न देताच बाई संघातून बाद होते. चार माणसं लागतात नेमकी त्याच दिवसांत. म्हणून पहिल्याच दिवशी स्वतंत्र ओळ, स्वतःचा नंबर आणि वेगळी पावती मागा. तातडीच्या संपर्कात घरच्या माणसाबरोबर एका मैत्रिणीचंही नाव लिहा. 'एकच तर घर आहे' असं चिटणीस म्हणतीलच. म्हणू द्या.

पुरुषांचं दुखणं निराळं. त्यांची खुर्ची ठरलेली असते, पण गप्पा राजकारण, पेन्शन आणि शुगरच्या पुढे सरकत नाहीत. नात्यागोत्यातले फोन, वाढदिवस, आमंत्रणं बायकोनं सांभाळलेली असतात. ती गेली की नातेवाईकही दुरावतात. अशा माणसाला शाल-नारळ देऊन काही होत नाही, काम द्यावं लागतं. नोव्हेंबरात इतरांचे हयातीचे दाखले मोबाइलवर काढून देणं, बँकेचे फॉर्म भरून देणं. कोणीतरी आपल्याकडे विचारायला येतं, एवढ्यानंही मान ताठ राहते. ज्या केंद्रात असं टेबल आहे, ते निवडा.

बायकांना काम मिळतं, पण चहाचं, रांगोळीचं आणि स्वागतगीताचं. किल्ली, माइक आणि हिशेब कोणाकडे आहेत ते बघा. संक्रांतीला हळदीकुंकू ठेवतात की सगळ्यांसाठी तिळगूळ, हेही विचारा. हळदीकुंकू असेल तर विधवा सभासद त्या दिवशी बहुधा घरीच बसतात. वेळेचंही तेच. संध्याकाळी पाच ते सात ही आजोबांची वेळ. आजीची तेव्हा नातवंडं आणि कुकर. दुपारी तीनला दार उघडणारं केंद्र तिच्या उपयोगाचं.

खुर्च्यांना हात हवेत. कमोडशेजारी धरायला दांडा आणि फरशी कोरडी हवी, नाहीतर गुडघेदुखीवाल्या बायका दोन तास पाणी न पिता बसतात.

संघ चालवणाऱ्यांसाठी एक साधन: माणसाचा गोतावळा किती ते मोजणारी, अमेरिकी अभ्यासक लुबेन यांची सहा प्रश्नांची छोटी मोजपट्टी. तीन प्रश्न नातेवाइकांचे, तीन मित्रमंडळींचे: महिन्यातून किती जणांशी गाठ किंवा फोन होतो, मनातलं किती जणांशी बोलता येतं, मदतीला किती जणांना हाक मारता येते. प्रत्येकाला ० ते ५ गुण. ३० पैकी १२ पेक्षा कमी आले तर माणूस एकटा पडतोय असं समजावं. मात्र नुसत्या बेरजेवर जाऊ नका. नात्याचे १२ आणि मैत्रीचा १ असलेला माणूस बेरजेत पास होतो, पण मुलगा बंगळूरला गेला की त्याचं सगळंच गडबडतं. आत्मसन्मान मोजायला अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रोझेनबर्ग यांची दहा विधानांची पट्टी वापरणार असाल, तर त्यातली पाच विधानं नकारार्थी आहेत. त्यांचे गुण उलटे धरायचे राहिले की बेरीज कुचकामी.

घरातच छळ होत असेल तर ते संघाच्या आवाक्यातलं नाही. त्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते. तो नंबर केंद्राच्या फलकावर हवा, आणि फोन तिथूनच करता यायला हवा; घरी बोलायची सोय असती तर प्रश्नच नव्हता.