हैदराबाद पॅकेज: पीएनआर खरा, तरीही फसवणूक

विमानाचं तिकीट खरं की खोटं हे पीएनआर टाकून कळतं, असं सगळे सांगतात. आम्ही तेच केलं होतं. एजंटाने सहा अक्षरांचा पीएनआर पाठवला. यांनी तो विमान कंपनीच्या वेबसाइटवर आडनावासकट टाकला, तर आमची चौघांची नावं, तारीख, वेळ, सगळं बरोबर. मगच उरलेले पैसे पाठवले. तरीही आम्हाला फसवलं गेलं. नेमकं कसं, ते जालना-परभणी-बीडकडच्या लोकांना कळावं म्हणून हे लिहिते आहे, कारण दिवाळीनंतर गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असली पॅकेजं फिरायला लागतात.

शुक्रवारी छत्रपती संभाजीनगरहून हैदराबाद, रविवारी परत, दोन रात्री हॉटेल, माणशी ७,५०० रुपये. स्वस्त होतं, पण शंका यावी इतकं नाही. आपल्याकडची माणसं हैदराबादला रेल्वेनेच जातात, रात्री बसलं की सकाळी तिकडे. पण सासूबाईंच्या गुडघ्यांना तो प्रवास झेपत नाही. माहेर परभणीचं, त्यांचे वडील निजामाच्या राज्यात कोर्टाच्या कामाला हैदराबादला जायचे. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला सगळा मुलूख त्याच राज्यात होता. चारमिनार आणि सालारजंग संग्रहालय एकदा बघायचं, हे त्यांच्या मनात किती वर्षांपासून होतं. सालारजंग शुक्रवारी बंद असतं, ते शनिवारी ठेवू, हे त्या एजंटानेच सुचवलं. बोलणं असं माहितगाराचं, आणि प्रत्येक वाक्यात "काकू, टेन्शनच घेऊ नका."

आता त्याची युक्ती. बुकिंग त्याने खरंच केलं होतं, पण त्यात मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचा घातला. थेट कंपनीकडे काढलेलं तिकीट, प्रवासाला पुरेसे दिवस असतील तर, काढल्यापासून ठरावीक तासांत दंड न भरता रद्द करता येतं. ही सोय प्रवाशांसाठी आहे, त्याने ती आमच्याविरुद्ध वापरली. आम्ही पीएनआर तपासला, पैसे पाठवले, आणि त्यानंतर त्याने बुकिंग रद्द केलं. रद्द झाल्याचा मेसेज त्यालाच गेला आणि रक्कमही त्याच्याच खात्यात, कारण ज्या खात्यातून तिकीट काढलं जातं, परतावा तिथेच जातो. आमच्या हातात राहिली ती पीडीएफ, आणि पीडीएफ आपोआप बदलत नाही. आदल्या दिवशी वेब चेक-इन करायला घेतलं तर म्हणाला, "ग्रुप बुकिंग आहे, तुम्ही हात लावू नका, बोर्डिंग पास मी पाठवतो." त्या एका वाक्याने त्याने आमची खरं कळायची शेवटची वाट बंद केली.

चिकलठाण्याला दारावरच्या जवानाने आधार आणि प्रिंट पाहून आत सोडलं. काउंटरवरच्या मुलीने पीएनआर टाकला, पुन्हा टाकला, आणि हळू आवाजात सांगितलं की हे बुकिंग केव्हाच रद्द झालंय. एजंटाचा फोन बंद. हॉटेलला फोन लावला, तिथे आमच्या नावाची नोंदच नव्हती. लेक रडायला लागली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पैशाचं नंतर बघा, पोरगी कवाची उपाशी हाय." त्या माणसाचा राग मला पैशांपेक्षा या क्षणासाठी जास्त येतो.

तिथेच यांनी गूगलवर विमान कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधला. जो पहिला दिसला तोही खोटा निघाला. पलीकडचा माणूस परतावा देतो म्हणून स्क्रीन दाखवणारं ॲप मोबाईलमध्ये टाकायला सांगू लागला, तेव्हा काउंटरवरच्याच मुलीने फोन ठेवायला लावला. तिचे उपकार आहेत. एकदा फसलेला माणूस घाईत असतो, आणि असे नंबर त्याच घाईची वाट बघत बसलेले असतात.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, सायबर पोलिसांकडे यूपीआयचे व्यवहार आणि सगळं चॅट दिलं. पैसे जाऊन लगेच कळवलं तर पुढच्या खात्यात ते रोखून धरता येतात. आमचे जाऊन बरेच दिवस झाले होते, तोवर ते एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात सरकले होते. तक्रार चालू आहे.

एजंटाकडून तिकीट घेणं वाईट नाही. आमच्या गल्लीतले दोन-तीन जण हा धंदा इमानाने करतात. पण बुकिंगमध्ये मोबाईल आणि ईमेल तुमचाच घालायला लावा, आणि कंपनीचा मेसेज थेट तुमच्या फोनवर आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. तो कां-कू करायला लागला तर तिथेच थांबा. हॉटेलला स्वतः फोन करून नाव नोंदलंय का विचारा.

कुणी अशा पॅकेजचे पैसे आधीच भरले असतील तर आज रात्रीच पीएनआर पुन्हा टाकून बघा, आणि निघेपर्यंत अधूनमधून बघत राहा. रद्द दिसलं तर एजंटाला जाब विचारत बसू नका. तो "दोन दिवसांत रिफंड येतो" म्हणेल आणि तेच दोन दिवस त्याला हवे असतात. आधी १९३० लावा.