भट्टीसमोर नाडीचा पट्टा: आठ महिन्यांचा अनुभव

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, शिफ्ट सुपरवायझर आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका पोअररला, म्हणजे साच्यात लोखंड ओतणाऱ्याला, लॅडल (वितळलेल्या लोखंडाचं दांड्याचं भांडं) हातात असतानाच भोवळ आली. जोडीदारानं सावरलं म्हणून निभावलं. लॅडलमध्ये साधारण १,४०० अंशांचं लोखंड असतं, पुढचं काय सांगायचं! मग मालकांच्या मागे लागून मार्चमध्ये हृदयाचे ठोके मोजणारे, छातीला बांधायचे सहा पट्टे घेतले.

त्याआधी मनगटी घड्याळं घेऊन फसलो होतो. ती कातडीवर उजेड टाकून ठोके मोजतात. लॅडलचा दांडा आवळला, हातमोज्यात घाम साचला की धापा टाकणाऱ्या माणसाचेही ७८ ठोके दाखवायची. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, त्याला घाम उलट मानवतो. पाळीच्या सुरुवातीला अंग कोरडं असताना मात्र आकडे उड्या मारतात. तेव्हा आतली बाजू पाण्यानं ओली करून बांधायची.

नियम दोनच ठेवले. १८० मधून वय वजा करायचं; ठोके काही मिनिटं सलग त्याच्या वर राहिले की काम थांबवायचं. म्हणजे ४५ वर्षांच्या माणसाला १३५. दुसरा, बसल्यावर मिनिटभरानं ठोके ११० च्या वर असले तर कामाचा पुढचा टप्पा एक तृतीयांशानं कमी, विश्रांती पूर्वीइतकीच.

मला वाटलं होतं, सगळ्यात जास्त आकडे पोअरिंगवाल्यांचे येतील. आले नॉक-आउटवाल्यांचे, म्हणजे साचा फोडून ओतलेला माल बाहेर काढणाऱ्यांचे! गरम वाळू, धूळ आणि सतत ओढाताण, पण तिकडे कधी कुणाचं लक्षच नव्हतं. दुसरा धक्का जूनचा. पहिल्या पावसानं हवा गार झाली, आकडे मात्र उतरले नाहीत. हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही.

पट्ट्यानं एकदा चांगलंच फसवलं. आमच्या तात्यांचे ठोके कायम शांत, आणि माणूस दुपारी गळालेला. चौकशी केली तर बीपीची गोळी चालू, ठोके वाढू न देणारी. अशा माणसाला हे नियम लागूच पडत नाहीत. त्यांच्यासाठी तोंडाकडे बघणं आणि दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी. तंबाखूचा बार भरल्यावरही आकडा चढतो, तेव्हा मोजणी त्याआधी.

तक्रारी आहेतच. शेडच्या पत्र्यात आणि भट्टीजवळ ब्लूटूथ तुटतं, मोबाइल घेऊन माणसाच्या मागे फिरावं लागतं. दोघांना पट्ट्याखाली पुरळ उठलं. आता प्रत्येकाला आपापला पट्टा आणि तो रोज धुवायचा.

पण खरी अडचण यंत्राची नव्हती. पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, "साहेब, म्हाताऱ्यांना काढायचा बेत हाय व्हय?" आणि पंधरा दिवसांत ठेकेदार खरंच आला, "कोण कच्चा आहे त्याची यादी द्या." दिली नाही. तेव्हापासून आकडा आधी कामगार बघतो आणि पाळी संपली की पुसला जातो. ओतलेल्या नगामागे पैसे मिळणारी पोरं तर पट्टा मुद्दाम सैल बांधायची. थांबलं की कमाई बुडते, कोण थांबेल? जास्तीच्या विश्रांतीचे पैसे कापायचे नाहीत हे मालकांकडून लिहून घेतलं, त्या आठवड्यापासून पट्टे नीट बसायला लागले. त्या कागदासाठी मी तीन महिने घालवले, तो पट्ट्यांच्या आधी घ्यायला हवा होता.

पुन्हा घ्यायचे झाले तर तीनच घेईन, नव्या पोरांच्या पहिल्या आठवड्यासाठी. त्यांना पहिल्या दिवशी भट्टीसमोर पाळीचा पाचवा हिस्साच ठेवतो, मग रोज तेवढाच वाढवत नेतो. जुने लोक आता बाकड्यावर बसून मनगट धरतात, भिंतीवरच्या घड्याळात बघून तीस सेकंद मोजतात आणि दुप्पट करून मला ओरडून सांगतात.