कोनसेट: ग्रीस भरायचं की नवा टाकायचा?

कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग: वाटीसारखे कप आणि त्यांत फिरणारे गोल छर्रे. तो तपासायला जुन्या मोटारसायकलचं पुढचं चाक अधांतरी उचला आणि हँडल हळूच दोन्हीकडे फिरवा. नुसतंच कोरडं, जड लागलं तर खोलून रॉकेलने धुवा, नवं ग्रीस भरा, नट बेताने आवळा. तेवढ्यावर गाडी पुष्कळ चालते.

पण हँडल बरोबर मधोमध आलं की खट्कन अडकतंय? मग कपांवर छर्‍यांचे खड्डे पडलेत. सरळ रस्त्यावर छर्रे वर्षानुवर्षं त्याच जागी मार खातात ना! तिथे ग्रीस काही करू शकत नाही, आणि नट जास्त आवळला तर गाडी डुलायला लागते. अशा वेळी मी कप-छर्‍यांसकट पूर्ण सेटच बदलतो. खरी मेहनत खोलण्यातच असते. एवढं उघडल्यावर खड्डे पडलेले कप परत बसवायला मन धजत नाही.