महाद्वार रोडवरचं युनिफॉर्मचं दुकान: कापड भारी, वेळेची बोंब

जूनमध्ये पोरीचा युनिफॉर्म घ्यायला गेलेलो, कापड जाडसर आहे, तीन धुण्यात पण रंग गेला नाही, शिलाईला मात्र चार दिवस सांगून नऊ दिवस लावले, त्याचा एक स्टार कापला. पण लिहायचं कारण वेगळंच. शेजारी एक ताई मुलीसाठी स्कार्फ मागत होत्या, तर काकांनी युनिफॉर्मच्याच निळ्या कापडाचा तुकडा काढला, कडेनं बारीक टीप मारून दिली, वर म्हणाले "कोण काय बोललं तर सांगा, कापड त्यातलंच हाय." लई पटलं बघा मला. आमच्या पोरीच्या हातातला देवाचा दोरा शाळेत कात्रीनं कापलेला, रडत आली घरी. कर्नाटकातल्या शाळा-कॉलेजातल्या हिजाबबंदीच्या केसमध्ये २०२२ ला सुप्रीम कोर्टाच्या दोन जजांचं एकमत झालं नाही, मग शाळेला एवढी घाई कशाची? आणि हे शाहू महाराजांच्या कोल्हापुरात, ज्यांनी मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम सगळ्यांच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली! शिस्त पाहिजेच, पण दोऱ्यानं नि स्कार्फनं गणित चुकतं होय? असो, स्कर्टचं हुक तेवढं घरी येऊन परत शिवावं लागलं.