मँचेस्टरची पिवळी बस : गाडी घ्यायच्या आधी हे वाचा

मँचेस्टरला नोकरीसाठी येणारे मराठी लोक हमखास विचारतात, "गाडी घ्यावीच लागेल का?" माझं उत्तर, सुरुवातीला तरी नको. मी सांगलीची. इथे ऑक्सफर्ड रोडवरच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे आणि राहते विदिंग्टनला. ड्युटी, बाजार, मैत्रिणींकडे जाणं, सगळं बी नेटवर्कच्या, म्हणजे इथल्या सार्वजनिक वाहतुकीच्या, पिवळ्या बसने होतं. पाचपैकी चार तारे देते. एक का कापला ते पुढे येईल.

आधी पैशांचं. सध्या मोठ्या माणसाचं एका वेळचं तिकीट दोन पौंड, मुलांचं एक पौंड, अंतर कितीही असो. दिवसाचा पास पाच पौंड, आठवड्याचा वीस. रुपयांत हिशेब मांडायला बसू नका, पोटात गोळा येईल. पगार पौंडांत, तर खर्चही पौंडांतच मोजायचा, असं आमच्या वॉर्डातल्या केरळच्या सिस्टरनी मला सांगितलं आणि ते खरंच आहे. मार्च 2025 पासून पास आधी काढायचीही गरज उरलेली नाही. चढताना बँकेचं कार्ड किंवा फोन मशीनला लावायचा. दिवसाचे पाच किंवा आठवड्याचे वीस पौंड झाले की पुढचे पैसे कापले जात नाहीत. मात्र दर वेळी तेच कार्ड हवं. सकाळी कार्ड आणि संध्याकाळी फोन लावलात तर मशीन ते दोन वेगळे प्रवासी धरतं.

पण माझा जीव जडला तो एका तासाच्या सोयीवर. पहिल्या बसमध्ये चढल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, दोनच पौंड लागतात. ड्युटी सुटली की मी घरी जाता जाता रशोमला उतरते. विल्म्स्लो रोडच्या त्या पट्ट्याला सगळे करी माइल म्हणतात. कबाबचा धूर, मिठायांची दुकानं, आणि बाहेर फळीवर मांडलेली भाजी: मेथी, भेंडी, कारली, हिरव्या मिरच्या. सुपरमार्केटात प्लास्टिकमध्ये कोथिंबिरीच्या चार काड्या मिळतात, इथे जुडी मिळते. भाजी घ्यायची, पुढची बस पकडायची, घरी जाऊन कणीक भिजवायची. ताजी भाजी आणायची माझी माहेरची सवय या एका तासामुळे टिकली आहे.

हे कायम असं नव्हतं. 1986 पासून लंडनबाहेर बस खासगी कंपन्यांच्या हातात होत्या. मार्ग त्यांनी ठरवायचे, भाडंही बहुतेक त्यांनीच, आणि एका कंपनीचं तिकीट दुसरीच्या बसमध्ये चालेलच असं नाही. लंडनबाहेर हा कारभार पुन्हा सार्वजनिक ताब्यात घेणारा पहिला भाग म्हणजे ग्रेटर मँचेस्टर, म्हणजे मँचेस्टर आणि आसपासची शहरं. सप्टेंबर 2023 मध्ये बोल्टन आणि विगनपासून सुरुवात झाली, जानेवारी 2025 मध्ये आमचा भागही त्यात आला. बस अजूनही कंपन्याच चालवतात, पण मार्ग, वेळा आणि तिकीट ठरवते सार्वजनिक यंत्रणा. मधमाशी हे या गिरणगावाचं जुनं कष्टकरी चिन्ह, आणि इंग्रजीत मधमाशी म्हणजे 'बी', म्हणून नाव बी नेटवर्क. मला हे फार योग्य वाटतं.

नर्स असल्यामुळे माझी नजर चढउतारावर जाते. थांब्यावर बस फुटपाथकडे थोडी झुकते. व्हीलचेअर असेल तर ड्रायव्हर उतरून रॅम्प टाकतो आणि तोवर सगळे थांबतात, कुणी तोंड वाकडं करत नाही. व्हीलचेअरची जागा लागली तर बाबागाडी बाजूला घ्यायची, हा नियम आहे. माझ्या आईचे गुडघे गेलेत. एसटीच्या उंच पायऱ्या ती दांडीला लटकून चढते. ती इथे आली तर एकटी बाजारात जाऊ शकेल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

आता कापलेला तारा. एका तासाची ही सोय ट्रॅमला लागू नाही, ट्रॅमचं भाडं झोननुसार वाढत जातं. आणि रात्र. सप्टेंबर 2024 पासून व्ही1 आणि 36 हे ली (Leigh) आणि बोल्टनकडचे मार्ग रात्रभर चालतात, आमची 43 सुद्धा चालते. पण असे मार्ग मोजकेच. हॉस्पिटलातले सफाई कर्मचारी, पोर्टर, केअरर पहाटेच्या अंधारात कामाला निघतात. त्यांच्या वस्त्यांपर्यंत रात्रीची बस पोचेल त्या दिवशी मी पाचवा तारा देईन.

नव्याने येणाऱ्यांनी एवढं करा. बस येताना दिसली की हात पुढे करा, नुसतं उभं राहू नका. उतरायचं असेल तर आधी बटण दाबा. ऑक्सफर्ड रोडवर बऱ्याच थांब्यांच्या मागून सायकलची वाट जाते, उतरल्यावर आधी दोन्हीकडे बघा. उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणा, इथे सगळे म्हणतात. आणि विमान अपरात्री उतरणार असेल, घर विदिंग्टन, फॅलोफील्ड किंवा रशोमकडे असेल, तर टॅक्सी ठरवण्याआधी विमानतळावर 43 चा थांबा कुठे आहे ते विचारा.