डोकूविकी आठ महिने वापरल्यावर: कमांड जशीच्या तशी कॉपी होते का?

महापे एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणारे आम्ही सहा जण. आठ महिन्यांपूर्वी व्हॉट्सॲप ग्रुप आणि वर्डच्या फायलींत विखुरलेल्या नोंदी डोकूविकीवर (सगळ्यांनी मिळून पानं लिहायचं विकी सॉफ्टवेअर) आणल्या. अपेक्षा एकच होती: रात्रपाळीतल्या माणसाने कमांड (सर्व्हरला टाइप करून द्यायचा हुकूम) कॉपी करून टाकली की ती चाललीच पाहिजे.

पहिल्याच आठवड्यात नेमकी तिथेच ठेच लागली. साध्या मजकुरातल्या दोन आडव्या रेषांचा (--) डोकूविकी एकच लांब डॅश करते, सरळ अवतरणचिन्हं वळणदार करते. वाचायला छान दिसतं, टर्मिनलला (कमांड टाइप करायची खिडकी) मात्र ते कळत नाही. बॅकअपची कमांड पहाटे ३ वाजता अशी अडली आणि घणसोलीच्या सहकाऱ्याने मला झोपेतून उठवलं. तेव्हापासून प्रत्येक कमांड कोड टॅगमध्येच, म्हणजे <code> आणि </code> या खुणांच्या मधे. तिथे चिन्हं जशीच्या तशी राहतात आणि टॅगमध्ये भाषेचं नाव लिहिलं की गेशी नावाची पीएचपी लायब्ररी रंगही भरते. बॅशमधली (लिनक्सच्या कमांडची भाषा) टिप्पणी, म्हणजे # नंतरचा फक्त माणसासाठीचा मजकूर, वेगळ्या रंगात उठून दिसते, म्हणून आम्ही ती मराठीत लिहितो: '# आधी डिस्क किती भरली ते बघा'. माझ्या मते रंगांचा खरा उपयोग हाच. फाइल टॅगमध्ये (<file>) नाव दिलं तर स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची फाइल, थेट डाउनलोडही होते.

क्रमवार पायऱ्यांमध्ये कोड घालताना जपा. टॅग पायरीच्याच ओळीत सुरू करायचा. खालच्या ओळीवर गेला की यादी तुटते आणि आकडे पुन्हा १ पासून.

नव्या मुलांना मार्कडाउनची (मजकुराला साध्या चिन्हांनी रूप द्यायची दुसरी पद्धत) सवय, म्हणून त्याचा प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) टाकून पाहिला. महिनाभरात काढला. यादी करताना मार्कडाउनमध्ये '-' हे चिन्ह म्हणजे ठिपका, डोकूविकीत दोन जागा सोडून '-' म्हणजे आकडा. एकाच विकीत दोन्ही पद्धती आल्या की दुसऱ्याचं पान दुरुस्त करायला कुणी धजत नाही.

पानं साध्या टेक्स्ट फायलींत राहतात, डेटाबेस लागत नाही; बॅकअप म्हणजे एक फोल्डर कॉपी करणं.

मराठी नावाची पानं करणार असाल तर फाइलनावांच्या एन्कोडिंगची (अक्षरं साठवायच्या पद्धतीची) सेटिंग पहिल्याच दिवशी यूटीएफ-८ करा. मूळ सेटिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, फाइलनावात ९ बाइट खातं आणि लिनक्सवर मर्यादा साधारण २५५ बाइटची. पंचवीसेक चिन्हांतच नाव संपतं. आम्हाला हे उशिरा कळलं. जुन्या फायलींची नावं अजून बदलतोय.